एकशे अडतीस

छातीवर मशीनच्या वायरीसाठी चिकटवलेल्या बिल्ल्याची एक कड घामानं सुटत होती, आणि क्रेनवाल्याला उगाच वाटलं, पडू दे, मशीनला काही कळायलाच नको. तपासणीवाल्या मुलीनं तो अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवला. "काका, छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच सांगायचं हं. लपवायचं नाही."

त्यानं मान डोलावली. लपवण्यात तर दोन महिने गेले होते—क्रेनच्या शिडीवर अर्ध्यात छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं, तो गजाला मिठी मारून उभा राहायचा, खालून मुकादम ओरडायचा, "झोपलास काय रे?"... आणि वर पोचला की त्याच थरथरत्या हातांनी लोखंड उचलायचं, आणि खाली माणसं. आज पास झालो तर केबिन. नाहीतर फाटकापाशी स्टूल टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम. म्हणून सकाळी बायकोची पाठ फिरताच तिच्या डबीतल्या धडधडीच्या गोळ्या त्यानं गिळल्या होत्या. दोनच उरल्या होत्या, दोन्ही. काळीज गप्प बसलं की झालं, एवढाच त्याचा हिशेब.

पायाखालचा पट्टा आणखी चढा झाला, वेग वाढला. पडद्यावर शहाण्णव... अठ्ठ्याण्णव. मुलीच्या कपाळाला आठ्या. "एकशे अडतीसपर्यंत ठोके जायला हवेत, काका. तेवढा ताण पडल्याशिवाय आतलं कळत नाही."

हे कुणी सांगितलंच नव्हतं! तो जिवाच्या आकांतानं चालू लागला, पोटऱ्या भरून आल्या—एकशे एक, एकशे तीन—चढ, मेल्या, चढ की रे!

पट्टा थांबला. "सकाळी काही गोळी घेतलीत का?"

"छे."

"मग निष्कर्ष निघत नाही असंच लिहावं लागेल. पुढचं डॉक्टर बघतील."

ती एकेक बिल्ला ओढून काढत होती. आज छातीत काहीच दुखलं नव्हतं. आपण धडधाकट आहोत की आतल्या साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबलाय, हे आता त्याचं त्यालाही कळणार नव्हतं.

बाहेर बाकावर बायको छाती धरून बसली होती, चेहरा पांढराफटक. "तुमचं काय झालं ते सांगा आधी. माझं काय, गोळीच सापडली नाही सकाळी... कुठं ठेवते मी तरी, वेंधळी."

तो तिच्या शेजारी बसला. तिचं मनगट हातात घेतलं. तिथं ठोके पळत होते, त्याला हवे होते तेवढे. आणि जन्मात पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं, छातीवरचा तो गुडघा आता रोवला जावा, इथंच, तिच्यासमोर.