चंद्राला ठेवलेला गूळ

मंगलनं संत्र्यात सुई टोचली आणि सगळ्या सेविका हसल्या.

"आता संत्र्यालाबी पथ्य सांगा," सखूबाई म्हणाली.

नसरापूरच्या बाहेर हायवेलगत असलेल्या त्या वृद्धाश्रमात आज जेवणघराचाच वर्ग झाला होता. पुण्याहून आलेल्या माधुरी सिस्टर मधुमेह असलेल्या म्हाताऱ्यांना कसं सांभाळायचं ते शिकवत होत्या; इंजेक्शनचा सराव संत्र्यावर चालला होता. मंगलचा हात हलका आहे असं त्यांनी म्हटलं, तेव्हा ती लाजून खाली बघू लागली.

मग सिस्टरांनी विचारलं, साखर कमी कधी होते? साखर वाढते, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मंगल रोज कोंडिबा आबांची उशी झाडायची. पासली गावचे आबा उशीखाली गूळ दडवायचे. आजही कागदात गुंडाळलेला खडा सापडला होता. चंद्राला नैवेद्य ठेवलाय, असं ते सांगत राहिले. चंद्राचं नाव पुढं करू नका, म्हणत तिनं तो एप्रनच्या खिशात टाकला होता.

"इन्सुलिन दिलं आणि माणूस जेवलाच नाही," सिस्टर सांगत होत्या, "तर साखर घसरते. घाम फुटतो, हात कापतात, बोलणं असंबद्ध होतं. वेळेवर साखर पोटात गेली नाही, तर माणूस जातोसुद्धा."

संत्रं मंगलच्या हातातून सुटून टेबलाखाली गेलं.

आज संकष्टी होती. तिचाही उपास होता. पण आबा चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नसत. सकाळी तिनंच त्यांना इंजेक्शन दिलं होतं आणि तिनंच पोह्यांची ताटली परत नेली होती. औषध चुकलं नाही, उपास मोडला नाही; दोन्ही सांभाळलं म्हणून तिला बरंही वाटलं होतं.

"सिस्टर, आबा," एवढंच ती म्हणाली आणि धावत सुटली.

आबा खाटेवर बसले होते. सदरा भिजून अंगाला चिकटला होता. भिंतीकडं बघत ते बैलांना वळवत होते, हाका मारत होते. मागोमाग आलेल्या सिस्टरांनी बोटाचं रक्त तपासलं, त्यांना घोटभर पाणी गिळायला लावलं.

"शुद्धीवर आहेत, गिळताही येतंय. गोड दे, लवकर," म्हणत त्या साखरपाणी आणायला वळल्या.

मंगलनं खिशातला गूळ काढला. आबांनी तोंड घट्ट मिटलं.

"चंद्र उगवला का?"

खिडकीतून दुपारचं ऊन थेट खाटेवर आलं होतं.

"उगवला, आबा."

"तू बगितलास?"

"आत्ताच बगून आले."

त्यांनी तोंड उघडलं. तिनं गुळाचा तुकडा जिभेवर ठेवला. मग सिस्टरांनी आणलेलं साखरपाणी त्यांनी घोट घोट घेतलं. हळूहळू घाम ओसरला. बैल निघून गेले. आबांनी खिडकीतल्या उन्हाकडं बराच वेळ पाहिलं, मग मंगलकडं.

"तुजाबी उपास हाय न्हवं?"

तिनं मान डोलावली.

आबांनी तिच्या हातातला उरलेला गूळ घेतला आणि तिच्यापुढं धरला.

"मग सोड की. उगवलाय म्हणतीस."

मंगलनं खिडकीतल्या उन्हाकडं एकदा पाहिलं आणि तो तुकडा तोंडात टाकला.