पानाचा हुंकार

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. विद्यार्थी, त्यांचे आईवडील, शेजारपाजारचे, सगळे पडद्याकडे डोळे लावून बसलेले. कुंडीतल्या रोपाच्या पानाला दोन चिमटे, तारा वीज टिपणाऱ्या नव्याकोऱ्या यंत्रात, यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं. चमत्कार दाखवायला आलेल्या महाराजांनी अंगावरची चकचकीत शाल तळहातानं खसाखसा चोळली.

"ऊर्जा जागवतोय, बाळांनो. झाडंसुद्धा मला ओळखतात. ओळखत नाहीत ती माणसं!"

हात पानाजवळ गेला आणि पडद्यावरची सरळ रेघ ताडकन उसळली. लोकांनी हात जोडले.

विभागप्रमुख सरांनी माईक घेतला. "माणूस खोटं बोलेल, यंत्र नाही!" त्या यंत्राला त्यांनी स्वतः कधी बोट लावलं नव्हतं. बिघडेल म्हणून मुलांनाही लावू दिलं नव्हतं. प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलं फळ्यावरची आकृती उतरवून घेत.

पुढच्याच आठवड्यात सरांची थोरली बहीण चक्कर येऊन पडली. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून ती महाराजांनी मंतरलेलं पाणी पीत होती.

दवाखान्यात सर कळवळले, "अगं ताई, मला विचारायचंस तरी!"

"तुला काय विचारायचं? माईकवर तूच सांगत होतास ना?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी ते नव्या प्राध्यापिका बाईंना म्हणाले, "ते यंत्र कपाटातून काढा. मुलांच्या हातात द्या."

बाईंच्या सांगण्यावरून मुलांनी चिमटे पानाऐवजी ओल्या स्पंजाला लावले. एका मुलीनं पॉलिस्टरची ओढणी खसाखसा चोळून हात जवळ नेला. रेघ तश्शीच उसळली.

"स्पंजालाही साक्षात्कार!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाई हसल्या. "घर्षणानं अंगावर वीज साठते. हात हलला की तारा ती पकडतात. पानाचा काही संबंध नाही."

"मग त्या दिवशी स्पंज लावून बघायचं कुणालाच सुचलं नाही?" मुलीनं विचारलं.

 सर खाली मान घालून उभे होते. "मला सुचायला हवं होतं. तुलनेशिवाय प्रयोग नाही, हे तुम्हाला मीच शिकवतो."

रविवारी त्यांनी त्याच लोकांना बोलावलं. अर्धेही आले नाहीत. महाराज तर नाहीतच. सरांच्या सवय नसलेल्या हातातून चिमटा सटकत होता, पण त्यांनी तो स्पंजाला स्वतः लावला.

"पडद्यावर दिसलं म्हणून मानू नका. मी म्हणालो म्हणून तर मुळीच नको. हातानं करून बघा, उलटसुलट तपासा, मग माना."

लोक पांगल्यावर पहिल्या रांगेतली ताई म्हणाली, "बरं, आता गोळी जेवणाआधी घेऊ की नंतर?"

सरांना तिच्याकडे बघवेना.

"मला नको विचारूस, ताई. चल, डॉक्टरांना विचारू."