दोनच ग्लास

माझा नवरा वीस वर्षं फर्निचरला पॉलिश करतोय आणि वीस वर्षं दारू पितोय. दोन्ही कामं अगदी मन लावून. यंदा मोठ्या मिनतवारीनं तो व्यसनमुक्ती केंद्रात जायला तयार झाला. सोमवारची खाट ठरली. आणि नेमका तेव्हाच गांजानं दारू कमी होते का, हे बघणाऱ्या एका संशोधनाचा घोळ मध्ये आला.

तिथे त्यानं आधीच नाव देऊन ठेवलं होतं. त्याला गांजा ओढायला दिला, मग दोन तास समोर दारू ठेवली. एरवी चार ग्लास रिचवणारा हा माणूस, त्यानं दोनच घेतले. घरी आला तो छाती फुगवून.

"डॉक्टरांनी स्वतः मोजलेत. आता केंद्र कशाला?"

मी तडक संशोधनाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहो, ते त्या दोन तासांपुरतं," त्या म्हणाल्या. "पुढचं आम्हालाच ठाऊक नाही. प्यायल्यावर मेंदू जो खूश होतो, तो गांजामुळे कमी होतो का, एवढंच तपासतोय. हा उपचार नाही."

मी शब्दन् शब्द त्याच्या कानावर घातला. पण त्याचं आपलं एकच, 'दोनच ग्लास'. घरातही गांजा सुरू झाला. बाटली खरंच हळू उतरायला लागली, त्यामुळे भांडायचं कशावरून, हीच माझी पंचाईत. दारुड्याशी भांडता तरी येतं. हा नुसता बसून असायचा.

सोमवारी सकाळी केंद्रातून फोन आला. बारापर्यंत खाट राखून ठेवतो, म्हणाले.

"दुसऱ्या कुणाला द्या," म्हणून त्यानं फोन ठेवला. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तोच लेकीच्या हातून स्पिरिटची बाटली कलंडली, ती थेट पॉलिशला आलेल्या गिऱ्हाइकाच्या टेबलावर. दहा दिवस घासून आणलेली चकाकी डोळ्यांदेखत विरघळली. एरवी बोटाच्या ठशावरूनही यानं घर डोक्यावर घेतलं असतं. लेक मान खाली घालून उभी राहिली.

त्यानं टेबलाकडे पाहिलं. "असू दे," म्हणाला.

लेकीला रडूच फुटलं. "असू दे काय? ओरडा ना, बाबा."

तो उठला, त्या डागावरून हात फिरवू लागला.

"रागच येत नाहीये गं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाराला वीस मिनिटं कमी होती. मी केंद्राचा नंबर लावून फोन पुढे केला. त्यानं तो घेतला.