वस्फीने सोडलेली जागा

नज़ीराने रबरी नळीची दोन टोकं कानांत घातली, डोळे मिटले आणि शेजारीपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जेवले रे, जेवले! तू जेवलास का?"

समोर फोनोग्राफवर मेणाचं नळकांडं फिरत होतं. तिच्या मुलाने, वस्फीने, त्यात आपला आवाज भरून ते ब्राझीलहून कापसात गुंडाळून टपालाने धाडलं होतं. पोरगं आईला ओळखून होतं. प्रत्येक प्रश्नानंतर त्याने तिच्या उत्तरापुरती जागा मोकळी सोडली होती. यंत्र कहवाखानेवाल्या अबू दीबचं. बायका काही कहवाखान्यात जात नाहीत, म्हणून त्यानेच ते गाढवावर घालून घरी आणलं होतं.

अंगणाच्या दुसऱ्या कडेला नज़ीराचा नवरा हाजी शाकिर फळीवर रंधा मारत होता. हमा शहरातले नदीचं पाणी उपसणारे लाकडी रहाट त्याच्याच घराण्याने पिढ्यानपिढ्या बांधले, दुरुस्त केले. वस्फीने त्या कामाला पाठ दाखवून बोट धरली, तेव्हा शाकिरने अल्लाची शपथ घेतली होती की या पोराशी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. आज त्याला संभाषणाची एकच बाजू ऐकू येत होती, तीही बायकोची.

"गुडघा बरा आहे आता. हो, इथेच आहेत. मघापासून एकच फळी तासतायत."

रंधा थांबला. नज़ीराने कानांतून नळ्या काढल्या.

"अहो हाजी, शेवटी तो तुम्हाला विचारतोय. 'बाबा, आहात ना?' म्हणतो आणि गप्प बसतो. तिथे मी काय बोलू?"

"शपथ आहे."

"मग शपथ मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना जेवू घाला आणि मोकळे व्हा. देवाने वाट ठेवलीय की!"

"म्हणजे शाकिर थुंकलेलं चाटतो, असं गावाने म्हणायचं."

अबू दीब मध्ये पडला. कैरोच्या एका मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरं छापून येत. त्यांनाच विचारू म्हणाला, यंत्रातल्या आवाजाला उत्तर दिलं तर शपथ मोडते का. "पण तोवर वाजवू नका, वहिनी. त्याच मासिकात वाचलंय, दर वेळी मेण थोडं खरवडलं जातं. आवाज झिजतो."

नवऱ्याच्या वाट्याचा आवाज शिल्लक राहावा म्हणून नज़ीराने उन्हाळाभर त्या नळकांड्याला हात लावला नाही. मेण वितळू नये म्हणून ते पाण्याच्या रांजणाशी ठेवलं. दुपारी तिचा डोळा लागला की नदीवरच्या रहाटांची कुरकुर घरात येई, आणि त्या कुरकुरीत तिला कोण काय विचारी कोण जाणे, ती झोपेतच उत्तरं देई. "हो रे," म्हणे. "घाल, अंगात काहीतरी गरम घाल." शाकिर उशाशी बसून ऐकत राही. त्याने तिला कधी उठवलं नाही.

मासिक आलं, तेव्हा अबू दीबने भरल्या कहवाखान्यात उत्तर मोठ्याने वाचलं.

"हमा येथील एक सुतार विचारतात," एवढं वाचताच सगळ्या माना शाकिरकडे वळल्या. "यंत्रातला आवाज म्हणजे माणूस नव्हे. त्याच्याशी बोलणे म्हणजे भिंतीशी बोलणे. शपथ मोडत नाही, प्रायश्चित्त लागत नाही."

"हाजी, आमच्या घरची भिंत उलटून बोलते," मागून कुणीतरी म्हणालं. "तिच्याबद्दलही विचारून घ्या!"

शाकिर हसला नाही. त्याच दुपारी यंत्र पुन्हा अंगणात आलं आणि त्याने नळ्या कानांत घातल्या. आधी नुसती खरखर. मग फार लांबून वस्फी आईची विचारपूस करू लागला. मधेच म्हणाला, इथे रहाट नाहीत, रात्र फार मुकी वाटते. आणि मग,

"बाबा, आहात ना?"

शाकिरचे ओठ हलले. तेवढ्यात जागा सरली आणि खरखरही थांबली.

"पुन्हा लाव."

"झिजेल हो, हाजी," अबू दीब म्हणाला.

"लाव म्हणतो ना!"

या खेपेस तो आधीपासूनच पुढे वाकून बसला. नज़ीराला नळीतलं काही ऐकू येत नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून होती.

"आहे रे," शाकिर म्हणाला. "आहे मी. इथेच आहे."

नज़ीराने ओढणीचा पदर तोंडावर दाबला आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी ती हमामखान्यातून परतली, तर दारात गल्लीतले फकीर ओळीने बसलेले. अंगणात चुलाणावर मोठं पातेलं, आणि मटणाच्या वाफेत शाकिर भरड गहू ढवळत होता. तिने माणसं मोजली. दहा होती.

"अहो, मासिकाने सांगितलं ना," ती म्हणाली, "भिंतीशी बोलल्यासारखंच आहे ते. प्रायश्चित्त लागत नाही."

शाकिरने पातेल्यावरून नजर वर केली नाही.

"भिंतीशी कोण बोललं?" तो म्हणाला. "ताटं आण."