जे लिहिले ते मी मिरवले

माझे पूर्ण नाव 'सार्वजनिक वार्ताफलक, हेदवाडी'. वय एकेचाळीस वर्षे तीन महिने. माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे मागे टाकले की डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावर, पंढरीच्या चहाच्या टपरीशेजारी, दोन लोखंडी खांबांवर मी उभा आहे. मला लिहिता येत नाही. वाचता मात्र उत्तम येते, आणि हे सांगताना मी संकोच करीत नाही.

जन्मतः मी दरवाजा होतो. शाळेच्या त्या दरवाजाचा खालचा भाग वाळवीने खाल्ला, तेव्हा वरचा शाबूत सागवान कापून सुताराने माझा फळा केला. कोळशाची पूड आणि हिरव्या पाल्याचा रस चोळून मला काळे केले. शाळेत असताना मी मुलांच्या पाठीच पाहिल्या होत्या, कारण दरवाजाकडे तोंड करून कोणी शिकत नाही. अक्षरांशी माझी ओळख नाक्यावर आल्यानंतर झाली, आणि ती देवजी मेंगाळ यांच्या हातून झाली.

देवजी चौथीपर्यंत शिकले. पुढचे सर्व वाचन त्यांनी एकट्याने केले. भजी बांधून आलेला कागदसुद्धा ते तेल पुसून वाचीत. रोज सकाळी मुरबाडहून पहिली गाडी वर्तमानपत्र टाकून गेली की ते पंढरीच्या बाकावर बसून ते आद्यंत वाचीत आणि माझ्यावर पाच-सहा ओळी लिहीत. त्यांचे अक्षर आखीव होते. प्रत्येक ओळ मी अंगावर अनुभवली आणि त्याच पद्धतीने वाचायला शिकलो.

त्यांनी माझ्या मधोमध एक उभी पांढरी रेघ ओढून ठेवली होती. डावी बाजू छापिलाची: तिथे बातमीखाली वर्तमानपत्राचे नाव व तारीख. उजवी बाजू ऐकिवाची: तिथे सांगणाऱ्याचे नाव. नाव सांगायला जो तयार नसेल, त्याची बातमी लिहायची नाही. एकदा उजव्या बाजूला असे लिहिले गेले: 'ओढ्याजवळ बिबट्या आला आहे. सांगणार: नामा.' सायंकाळी त्याखाली भर पडली: 'ते कुत्रे होते. सांगणार: नामाची बायको.' गाव दोन दिवस हसले, परंतु नामा रागावला नाही. नियम सर्वांना सारखा होता.

आणखी एक रीत सांगतो. वरच्या पाड्यातील वृद्ध माणसांना वाचता येत नाही. ती रेशनच्या दिवशी खाली उतरतात, डोक्यावरचे ओझे माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, "काय लिवलंय, वाच रे." मग जो कोणी बाकावर असेल त्याने उठून वाचून दाखवायचे. ही माणसे वाचलेले अक्षरशः खरे मानतात.

गेल्या उन्हाळ्यात देशाच्या एका भागात अतिरेक्यांनी निरपराध माणसांना ठार मारले. देवजींनी ती बातमी डाव्या बाजूला लिहिली. लिहिताना त्यांचा खडू दोनदा तुटला. त्या सकाळी पंढरीने टपरीवरचा रेडिओ बंद ठेवला. गावातल्या धोंडीबाईंनी परसातील झेंडूचे एक फूल आणून माझ्या खांबापाशी ठेवले. मेलेल्यांपैकी कोणी हेदवाडीचे नव्हते, तरीही माणसे माझ्यासमोर थांबून, मान खाली घालून पुढे गेली. ते दुःख खरे होते याची साक्ष मी देऊ शकतो.

दुसऱ्याच दिवशी देवजींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जावे लागले. तारीख आधीच ठरलेली होती. नंतर दहा दिवस ते शेणव्याला लेकीकडे राहणार होते. खडूचा डबा त्यांनी पंढरीजवळ ठेवला.

त्या दहा दिवसांत दुःखाचे रूप पालटले. बाकावर बसणारी माणसे आता वर्तमानपत्राकडे पाहीनाशी झाली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलात कोणी ना कोणी ओरडत असलेला. एक म्हणे, शत्रू सीमेवर नाही, तुमच्या शेजारच्या खोलीत आहे. दुसरा म्हणे, जो गप्प बसतो तोही त्यांनाच सामील. मी एकेचाळीस वर्षे माणसे वाचताना पाहिली आहेत. फलकावरचे वाचताना माणूस डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याचे तोंड पाहतो, आणि शेजारी हसला तर स्वतःही थोडा शंकित होतो. मोबाइलवरचे तो एकटाच वाचतो, आणि वाचून झाल्यावर एकदम उभा राहतो.

असाच एके दिवशी रोशन उभा राहिला. रोशन चोवीस वर्षांचा पदवीधर. वरच्या पाड्यातील जनाबाईंचा नातू, वृत्तीने वाईट नाही. एका सरकारी भरतीत त्याचे नाव निवड यादीत आले होते. परंतु जातपडताळणीसाठी आजोबांच्या काळाचा पुरावा हवा होता आणि तो कुठेच मिळत नव्हता. कागदासाठी तो मुरबाडला नऊ वेळा जाऊन आला होता. दहाव्यांदा काय सांगायचे, हे त्याला समजत नव्हते.

आमच्या समाजमंदिरात त्या वेळी फरशी बसवण्याचे काम चालू होते. ते मोईनुल करीत होता. तो बंगालमधील एका खेड्यातला. सहा वर्षांपूर्वी इकडे आला. परिसरातील बंगल्यांच्या फरश्या त्याच्याच हातच्या. तो धोंडीबाईंच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत राही. सकाळी कामावर जाताना माझ्यावरचे मराठी अडखळत मोठ्याने वाची, आणि चुकला की पंढरी त्याला सुधारी. तोही मराठी माझ्यासारखाच शाळेबाहेर शिकला होता, म्हणून मला त्याच्याविषयी थोडा अभिमान वाटे.

रोशनने खडूचा डबा मागून घेतला आणि मोबाइलमधून पाहून माझ्या डाव्या बाजूला लिहिले:

'सावधान. आपल्या भागात घुसखोर लपले आहेत. ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही तो या मातीतला नाही. अशास घर देऊ नये, काम देऊ नये. रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी दाखले घेऊन नाक्यावर यावे. नसेल त्याने गाव सोडावे.'

खाली वर्तमानपत्राचे नाव नव्हते, तारीख नव्हती, सांगणाऱ्याचेही नाव नव्हते.

पंढरीने किटली खाली ठेवून ते वाचले. "रोशन, ती छापिलाची बाजू हाय."

"छापीलच हाय ना. मोबाइलमदी छापूनच येतं."

"मग नाव लिव की, कोन्या पेपरात आलं."

"सगळ्या देशात फिरतंय, पंढरीदादा. कोनाकोनाचं नाव लिवू."

"आनि सर्वांनी म्हंजे कोनी?"

"तुला ठाव हाय कोनी. धोंडीबायच्या खोलीत कोन ऱ्हातो?"

"तो? त्याला इंचू दिसला तरी खाटंवर चढून उभा ऱ्हातो तो."

बाकावरचे दोघे हसले. रोशन हसला नाही. "मानसं मेली ती खरी ना? मारनाऱ्यांना कोनी तरी घर दिलं असंल, भाकर दिली असंल. मग इचारायचं नाय का? आमी आमच्याच गावात कागद दावून दावून मेलो, आनि तो कुठून आला ते कोनी इचारीत नाय."

पंढरीने किटली पुन्हा उचलली. विचारण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या शब्दांत, एवढाच काय तो वाद होता; परंतु तो वाद कोणी घातला नाही. ते शब्द माझ्यावर राहिले.

मला त्या सहा दिवसांची शरम वाटते. दरवाजा असतो तर मी स्वतःला लावून घेतले असते. फळ्याला ती सोय नाही. मी तो मजकूर सकाळी वाचीत असे, दुपारी वाचीत असे; उन्हाने तापलो की खडू अधिकच पांढरा दिसे. वाटसरूंनी गाड्या थांबवून माझी छायाचित्रे घेतली. माझ्या देवजींच्या फलकावर, माझ्या डाव्या बाजूवर लिहिलेले म्हणून ते शब्द पुढे गेले. शेजारच्या गावचे लोक म्हणू लागले, हेदवाडीच्या वार्ताफलकावर आले आहे, म्हणजे काहीतरी असणारच. चाळीस वर्षांची माझी प्रतिष्ठा अशी वापरली गेली.

मोईनुलने तो मजकूर पहिल्याच सकाळी वाचला, नेहमीप्रमाणे मोठ्याने. 'घुसखोर' या शब्दाशी तो अडखळला. त्या दिवशी त्याला कोणी सुधारले नाही.

धोंडीबाईंना चार जणांनी सांगितले, सोमवारी खोली रिकामी दिसली पाहिजे. त्या नाक्यावर येऊन म्हणाल्या, "माजा रविंद्र तिकडं परमुलखात पाइप बशिवतो. त्याला कोनी अशी खोली सोडाया लावली तर मी काय करू गो बाय?" ऐकायला फक्त पंढरी होता. तोही चहा गाळीत राहिला.

शुक्रवारी रेशन होते. वरच्या पाड्यातील म्हातारी माणसे उतरली. जनाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि रीतीप्रमाणे म्हणाल्या, "काय लिवलंय, वाच रे."

पंढरीने वाचले. रीत मोडणे त्याला जमले नाही. त्यांनी दोनदा वाचून घेतले. मग पिशव्या उचलून ती माणसे चढणीला लागली.

रविवारी सकाळी नाक्यावर शंभरेक माणसे जमली. देवजी आदल्या सायंकाळीच शेणव्याहून परतले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि वाचायला पंधरा दिवस मनाई. ते बाकावर बसले होते. रोशन माझ्याशेजारी उभा होता.

दहा वाजण्याच्या आधीच मोईनुल आला. त्याच्या हातात प्लास्टिकची जाड पिशवी होती. त्याने ती बाकावर ठेवून एकेक कागद काढला, प्रत्येक कागदावर प्लास्टिक चढवलेले. "माझा सगळा हाय, काका. जन्माचा हाय, शाळेचा हाय. बापाचा पन हाय. हा आजाचा, जमिनीचा. आमच्याकडे कागद नाय तर माणूस झोपत नाय."

कागद हातोहात फिरले. गर्दीतून एक जण म्हणाला, "प्लास्टिक कोनीबी चढवतंय." दुसरा म्हणाला, "खरं दिसतंय." आता पुढे काय करायचे, हे रोशनला माहीत नव्हते. संदेशात तेवढे लिहिलेले नव्हते.

इतक्यात वरच्या पाड्याची वाट हलली. अकरा माणसे उतरत होती, साठीच्या पुढची सर्व. प्रत्येकाच्या डोक्यावर गाठोडे. जनाबाईंच्या गाठोड्यातून तव्याची कड दिसत होती. त्या सरळ माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"आजी, तुमी कशाला आल्या?" रोशन म्हणाला.

"तूच बोलीवलं ना रं. आमच्यात कोनापाशी जल्माचा कागूद नाय. तुज्या आज्यापाशी बी नव्हता. मी कंदी जल्मले ते माज्या आयला ठाव हुतं, ती गेली." त्यांनी गाठोडे सावरले. "कोंबड्या सोडून दिल्या. आमी कंच्या गावाला जावं, तेवडं सांग म्हंजे उनाच्या आत निघू."

कोणी हसले नाही. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. फलकावर वाचून दाखवलेले त्यांनी पाळले होते.

रोशनने त्यांचे गाठोडे उतरवायला हात पुढे केला. त्यांनी तो हात बाजूला सारला. "आधी सांग."

देवजी बाकावरून उठून माझ्यासमोर आले. ते म्हणाले, "पंढरी, काय लिवलंय ते मला वाचून दाव."

पंढरीने वाचले.

"कोन्या पेपरात आलंय?"

"नाव नाय, देवजीबाबा."

"सांगनार कोन?"

"त्ये बी नाय."

"मंग हे माज्या फळ्यावर बोललं कोन?"

मोईनुल आपले कागद क्रमाने लावीत होता. अखेर रोशन म्हणाला, "मी लिवलं. मला कोनी धाडलं ते मलाच ठाव नाय."

"मंग ते लिव."

रोशनने खडू घेतला. त्या मजकुराखाली, शंभर माणसांसमोर, त्याने लिहिले: 'सांगणार: माहीत नाही. लिहिणार: रोशन.' प्रत्येक अक्षर मी अंगावर अनुभवले. मग त्याने आपल्या सदऱ्याच्या बाहीने सगळे पुसून काढले. देवजी म्हणाले, "जने, घरी जा." तेव्हा कुठे अकरा माणसे वळली. रोशन गाठोडे घेऊन आजीच्या मागे गेला. त्यांनी या वेळी ते त्याला घेऊ दिले.

या प्रसंगाचा शेवट गोड आहे असे मी वाचकांस सांगणार नाही. मोईनुलला कोणी जा म्हटले नाही. परंतु राहा असेही म्हटले नाही. धोंडीबाई म्हणाल्या, पण त्या एकट्याच. बुधवारी त्याने फरशीकामाची हत्यारे बांधली. जाताना तो माझ्यासमोर थांबला. मी त्या दिवशी कोरा होतो. त्याला वाचायला काही मिळाले नाही.

आज माझे सागवान कडेने उकलू लागले आहे. देवजींना आता बरे दिसते, तरीही ते पूर्वीइतके लिहीत नाहीत. माझी एकच विनंती आहे. दुःखाच्या दिवशी माझ्याकडे या, अवश्य या. पण खडू उचलण्यापूर्वी समोर जमलेल्या माणसांची तोंडे एकदा पाहून घ्या.

त्या रविवारनंतर जे बदलले ते असे. खडूचा डबा आता देवजींच्या घरी असतो. हल्ल्याचा तपास पोलीस करीत आहेत, आणि त्याच्या बातम्या तारखेसह लिहिल्या जातात. रोशन स्वतःच्या कामाबरोबर वरच्या पाड्याचे अर्ज घेऊन दर मंगळवारी मुरबाडला जातो. अकरापैकी चौघांचे जन्मदाखले आले आहेत. मोईनुल परत आलेला नाही.