भस्मातली काळी रेघ

मी एक जुना शाफ्ट आहे, मित्रांनो. मला मोडीत काढलं, आणि खरं सांगतो, लई बरं झालं.

चाकूरच्या बसवराज मिस्त्रींनी मला स्वतःच्या लेथवर घडवलं. ते घरच्या घरी विमान बांधत होते. त्याला जुन्या मोटारीचं रोटरी इंजिन बसवलं होतं. हे इंजिन भलतंच जोरात फिरतं. विमानाच्या पंख्याला तेवढा वेग सोसत नाही, म्हणून मध्ये दातेरी चाकांची पेटी लागते. तिथून पंख्यापर्यंत जोर नेणारा फिरता दांडा मी! माझा तोरा काय विचारता. जमिनीवर चाळीस तास इंजिन चाललं, मी हूं की चूं केलं नाही. मिस्त्री येईल त्याला माझी चकाकी दाखवत.

उड्डाणाची परवानगी आली. मिस्त्रींची लेक सृष्टी वैमानिक. दसऱ्याला सकाळी तीच विमान उडवणार होती. निलंग्यापर्यंत निमंत्रणं गेली.

आदल्या दिवशी खंडेनवमी. तपासायला मला बाहेर काढून डिझेलनं पुसलं. मिस्त्रींनी वरवर पाहिलं आणि ठीक आहे म्हणाले. मग त्यांच्या पत्नी उमादेवी पूजेला आल्या. या घरात हत्यारांनाही भस्माचे तीन पट्टे ओढतात, तसे मलाही ओढले. थोड्या वेळानं पांढऱ्या भस्मात केसाएवढी काळी रेघ उमटली.

तेल राहिलं असेल, असं मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला घासून पुसलं, पुन्हा भस्म लावलं. रेघ तिथंच. माझ्या तड्यात मुरलेलं तेल भस्म ओढून घेत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्त्रींनी मला उजेडात धरून रेघ कुठून निघते ते पाहिलं. माझ्यावर चावी, म्हणजे चाक घट्ट धरणारी लोखंडी पट्टी, बसवायची खाच त्यांनी घाईत काटकोनी कोपऱ्यांची काढली होती. तडा त्या टोकदार कोपऱ्यातूनच निघाला होता. लोकांना काय सांगायचं, उमादेवींनी विचारलं.

"सांग, चूक माझी हाय. पोरगी उद्या उडणार न्हाई."

दसऱ्याला उड्डाण बघायला मांडवात जमलेले लोक हसले.  नंतर मला पकडीत आवळून मिस्त्रींनी हातोडा घातला. एका घावात दोन तुकडे! आत मी निम्म्याहून जास्त आधीच तुटलो होतो.

नव्या शाफ्टची खाच त्यांनी गोल कोपऱ्यांची केली. आता इंजिन दहा तास चाललं की दर वेळी पेटी उघडून तपासतात.

मित्रांनो, आमच्या चकाकीवर भुलू नका. आम्हाला उघडून बघत जा, आणि थांबावं लागलं तर लाजू नका.

संक्रांतीनंतर सृष्टी उडाली. उतरून घरी आली आणि तिनं आधी भाकरी मागितली. तिचं जेवण होईपर्यंत मिस्त्री तिच्याकडं बघत बसले. त्यांच्या स्वतःच्या ताटातली भाकरी तशीच होती.