अर्धा उतार सुनेचा

सासरे निवृत्त न्हावी. वाढलेलं काही त्यांना बघवत नसे. घरामागच्या उतारावरचं गवतही ते विळ्याने सफाचट करायचे. मग जोराचा पाऊस आला की चिखल थेट स्वयंपाकघरात शिरायचा.

सून माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. ती म्हणाली, "मामंजी, यंदा अर्धा उतार माझ्यावर सोडा. तिथे विळा लावायचा नाही."

"आणि साप निघाले तर?"

"निघाले तर मी बघते."

ते धुसफुसले, पण तयार झाले. गवत गुडघाभर वाढलं. सुनेने दोन्ही भागांखाली एकेक टब पुरला. एका दुपारी पाऊस धो धो कोसळला. उघडीप होताच दोघं मागे गेली. बोडक्या बाजूचा टब गाळाने काठोकाठ भरला होता. गवताखालच्या टबात तळाशी जेमतेम वाटीभर माती होती.

सासऱ्यांनी गवताच्या बुडाशी बोटं खुपसली. "थेंबाचा मार पात्यांवर बसतो आणि खाली मुळं मातीला धरून ठेवतात. असंच ना?"

"अगदी असंच."

ते बोटांची माती झटकत उठले. मग म्हणाले, "इथले चार ठोंब उपटून दे. माती ओली आहे तोवर माझ्या बाजूला लावतो."